परकार मॅडमचं घमेलं

खालापूरला परकार मॅडमच्या घरी जाऊन आलेलं माणूस मला चपलांवरून ओळखू यायचं. चपलांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या असायच्या. मॅडमच्या फाटकात अगदी मधोमध एक लोखंडी घमेलं ठेवलेलं असे आणि त्यात ब्लिचिंग पावडरचं पाणी. त्यात पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही आणि बुडवल्याशिवाय बाहेरही पडायचं नाही. पोस्टमन असो, मीटर वाचणारा असो, नाहीतर ईदेला म्हसळ्याहून आलेला त्यांचा सख्खा भाऊ असो. भाऊ एकदा नवे कोरे बूट घालून आला होता. त्यालाही त्यांनी बुटांसकट त्या पाण्यात उभं केलं. तो बिचारा ओल्या मोज्यांनी शिरखुर्मा खात बसला होता, मी बघितलंय.

लोक चलाखी करायचे. एक पाय बुडवायचा आणि दुसरा घमेल्यावरून अलगद पलीकडे टाकायचा. मॅडम ओटीवर पेपर वाचत असायच्या. मान वर न करता म्हणायच्या, "दुसरा पाय." की माणूस मुकाट्याने मागे. तीस वर्षं वर्गात शिकवलेल्या बाईचा आवाज तो, त्यापुढे कोण काय बोलणार? गल्लीतल्या बायका हसायच्या. म्हणायच्या, मॅडमला सोवळ्याचं वेड लागलंय. मीही हसायचे. ते घमेलं कशासाठी आहे ते मला ठाऊक आहे, अशी माझी खात्री होती. बाहेरची घाण आत यायला नको म्हणून! इतकी वर्षं त्यांच्याकडे जाऊन येऊन मला हे एवढंच कळलं होतं, आणि तेही चूक होतं.

मी मंगल. पळसदरीला माझी नर्सरी आहे. कर्जतच्या कॉलेजात अकरावी-बारावीला परकार मॅडम आम्हाला जीवशास्त्र शिकवायच्या. मी काठावर पास झाले, पण झाडांचं वेड त्यांनी लावलं ते सुटलं नाही. मॅडम उंच, काटकुळ्या. ओढणीवर काळ्या गोफात भिंग लटकवलेलं. दुसऱ्या बायका मंगळसूत्र चाचपतात तशा त्या बोलताना ते भिंग चाचपायच्या. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची आमची छाती नव्हती.

त्यांची एक खोड मात्र भयंकर होती. झाड दिसलं की उपटायच्या. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला पाहुणे येणार म्हणून प्राचार्यांनी ऑफिससमोर तेरड्याची रांग फुलवली होती. मॅडम तिथून जाता जाता थांबल्या, वाकल्या आणि रांगेतला सगळ्यात भरदार तेरडा मुळासकट उपटून भिंगाखाली धरला. प्राचार्य दारात उभे. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "वरून काय दाखवता सर, खालून बघा." आणि ती मुळं त्यांच्या नाकासमोर धरली. मुळांना जागोजागी गाठी होत्या, जाड, वेड्यावाकड्या. मॅडमनी उरलेली सगळी रांग उपटून पेटवायला लावली. पाहुणे आले तेव्हा समोर नुसती काळी माती होती.

साप, विंचू, तपासणीला आलेले साहेब, कशालाही ही बाई भ्यायची नाही. एकदा प्रयोगशाळेत घोणस निघाली तर त्यांनी खुर्चीवर उभं न राहता आम्हालाच शांत बसवलं होतं. पण निवृत्तीनंतर चपलेला लागलेला ओला चिखल बघितला की त्यांचा चेहरा उतरायचा. आणि एका वाक्याचा त्यांना मनस्वी राग होता. आमच्याकडे उठताबसता बोललं जातं ते, काय नाय होत. हे कोणी बोललं की त्या थांबायच्या. "होत नाही असं नाही," त्या म्हणायच्या, "दिसत नाही, एवढंच."

बारावीच्या चाचणी परीक्षेत त्यांनी एक प्रश्न घातला होता. तुलना करा, आपल्या आवारातलं ख्रिसमसचं झाड आणि मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी, गुण पाच. आम्ही पाठ करून गेलेलो एकदल आणि द्विदल, आणि हे काय भलतंच? एक सूचिपर्णी झाड, दुसरा डोळ्यांना न दिसणारा किडा! मी लिहिलं, झाड मोठे असते व कृमी लहान असतो. मला अर्धा गुण मिळाला. मागच्या बाकावरच्या एकाने वैतागून लिहिलं होतं की दोघांनाही फुले येत नाहीत. मॅडमनी त्याला तीन दिले आणि त्याचा पेपर वर्गात वाचून दाखवला. म्हणाल्या, हे खरं आहे, या झाडाला फूल नसतंच, त्याचं बी उघडं असतं.

मग त्यांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली आणि सारखं काय ते सांगायला लागल्या. किड्याची मादी एकदा मुळात शिरली आणि तिने जागा धरली की ती फुगते आणि मग जन्मभर जागची हलत नाही. झाडासारखीच. बसली की बसली. नर मिळाला तर मिळाला, नाहीतर तिचं त्याच्यावाचून अडत नाही. मुली खुसखुसल्या तेव्हा मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "हसा. पण ती तिथल्या तिथे शेकड्यांनी अंडी घालते, आणि वरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं की पान जरा पिवळं पडलंय." त्या हे बोलल्या तेव्हा मला का कोण जाणे, भीती वाटली होती. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. त्या शिकवत नव्हत्या, कोणाबद्दल तरी सांगत होत्या.

तसलंच एक झाड त्यांच्या घराच्या आवारात होतं. वडील भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला होते. निवृत्त होताना साहेबाने बंगल्यातली एक कुंडी भेट दिली, ती त्यांनी खालापूरला आणून लावली. मॅडमच्या वयाच्या निम्मं तरी ते झाड असेल. सरळसोट, फांद्यांचे मजले मजले, कौलांच्या कितीतरी वर गेलेलं. खालापूरला वळलं की आधी ते दिसायचं, मग गाव. आणि सगळी गल्ली त्या झाडाला घाबरून असायची. शेजारचे घारे काका तर सगळ्यात जास्त, कारण त्यांचं घर बरोब्बर झाडाच्या सावलीत. दर पावसाळ्यात ते येऊन विनवायचे, मॅडम, छाटा तरी हे. मॅडम म्हणायच्या, अब्बांनी लावलंय. की विषय संपला.

ते मोठं वादळ झालं त्या दिवशी मी मॅडमकडेच अडकले होते. भर दुपार, पण आभाळ काळंठिक्कर. घारे काका सगळं बिऱ्हाड घेऊन मॅडमच्या ओटीवर येऊन बसले होते, झाड पडलं तर आपल्याच घरावर पडणार म्हणून. झाड करकरायला लागलं. एकदा, दोनदा, मग सारखंच. घारे काकू देवाचं नाव घ्यायला लागल्या. मग कडाड्कन आवाज झाला आणि शेंडा अंगणात येऊन पडला, कपड्यांची दोरी घेऊन. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सगळे उठले आणि घाबरून फाटकातून बाहेर पळाले, चिखलातून, अनवाणी, घमेल्यावरून उड्या मारून.

आणि मग मी मॅडमना पहिल्यांदा घाबरलेलं बघितलं. झाड करकरत होतं तेव्हा त्या शांत होत्या, आणि आता त्या भर पावसात त्या माणसांच्या मागे धावत होत्या. "पाय," त्या ओरडत होत्या, "पाय, पाय धुवा!" ओढणी चिखलात लोळत होती. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. मी त्यांना धरून आत आणलं, केस पुसले. त्यांचे दात वाजत होते. म्हणाल्या, "झाडाला काय भ्यायचं, मंगल? किती आधीपासून करकरत होतं. ते सांगून पडतं." मी चहा टाकला. बाहेर पळणाऱ्यांचे पाय कशाला धुवायचे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तर पुढचं टळलं असतं.

आता माझं सांगते. आमच्याकडे भाताचं बी टाकण्याआधी राब भाजतात. वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत असं थरावर थर टाकायचं, वर माती भुरभुरायची आणि पेटवून द्यायचं. वैशाखात सगळ्या खोऱ्यात तो धूर असतो. मॅडमना त्याचं फार कौतुक. म्हणायच्या, "तुझ्या आजीला मुळातला किडा माहीत नव्हता, पण तिने त्याला भाजला." म्हणून माझ्या नर्सरीत मी पिशव्यांत भरायची माती राबासारखी भाजूनच घेते. एक घमेलंभर कच्ची माती मी वापरत नाही. कानाला खडा.

पण वादळानंतर एका वर्षी मॅडम डोळ्याच्या ऑपरेशनला पनवेलला गेल्या. आठ दिवस घराची चावी माझ्याकडे होती, झाडांना पाणी घालायला. त्या झाडाखाली वर्षानुवर्षांचा पाला कुजून काळी, भुसभुशीत माती झाली होती. हातात घेतली तर चहाच्या पावडरीसारखी. मला मोह झाला. दोन गोणी भरल्या आणि टेंपोत टाकून नेल्या. मागायचं काय त्यात, म्हटलं, मॅडम काय नाही म्हणणार आहेत? आणि ती माती मी भाजली नाही. इथेच माझी अक्कल शेण खायला गेली. जिथे आत जाताना चपला धुवाव्या लागतात, तिथली माती काय भाजायची! प्रसाद घरी आणून कोणी परत चुलीवर ठेवतं का? भाजलेल्या मातीत ती मिसळली आणि पेरूच्या पिशव्या भरल्या. रोपं अशी फोफावली की मी स्वतःच दृष्ट काढली.

ती दोनशेच्या दोनशे रोपं माझ्या धाकट्या भावाची होती, दत्ताची. आमचं माहेर भिवपुरीकडे, वीजघराचं पाणी कालव्याने शेतापर्यंत येतं. बापाच्या जमिनीत भात आणि भातामागून वाल, याशिवाय कधी काही झालं नाही. दत्ता खोपोलीच्या कंपनीतली पाळी सोडून घरी आला होता, पेरूची बाग करायची म्हणून. बायको नाराज, सासरा नाराज. तो सगळ्यांना एकच सांगायचा, रोपं ताईकडची हायत, मला चिंता नाय. माघातल्या एका रविवारी लागवड ठरली.

त्याआधीच्या बुधवारी मॅडम नर्सरीत आल्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा अजून सुटला नव्हता. दुसऱ्या डोळ्यात अजून मोतीबिंदू. त्यांनी दत्ताच्या रांगेतलं एक रोप उचललं, पिशवी फाडली आणि सवयीने बोटं मुळांवरून फिरवायला लागल्या. बोलत होत्या, पनवेलच्या डॉक्टरांबद्दल काहीतरी. बोलता बोलता थांबल्या. बोटंही थांबली.

मी बघितलं. मुळाला गाठ होती. आणखी खाली आणखी एक.

त्यांनी विचारलं, माती कुठली. मी म्हटलं, भाजलेली, नेहमीची. आणखी काय मिसळलंस? मी म्हटलं, काय नाय. खोटं बोलले, त्यांच्या तोंडावर. का, ते तेव्हा मलाही कळलं नाही, पण चोरून नेलेली माती जिभेवर आडवी आली. मॅडम म्हणाल्या, दत्ताला सांग, आजच्या आज. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काय नाय होत, मॅडम. एखाद-दुसऱ्या रोपाला असंल."

ते रोप त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं, गाठ मारली, वर दुसरी पिशवी घातली, आणि रिक्षा बोलावून निघून गेल्या. मी आणखी दहा रोपं उपटली. सहांना गाठी होत्या.

ते चार दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. फोन हातात घ्यायचा, दत्ताचं नाव काढायचं आणि ठेवून द्यायचा. हा किडा एकदा जमिनीत गेला की पिढी बदलली तरी निघत नाही, हे मला मॅडमनीच शिकवलं होतं. बापाची जमीन. पण दत्ता काय म्हणेल, लोक काय म्हणतील, पळसदरीच्या मंगलची रोपं किडकी, हे एकदा पसरलं की नर्सरीला कुलूपच. भाजीतली वांग्याची फोड बघितली तरी मला मुळं दिसायची. आणि मॅडमचाही फोन नाही. त्या दत्ताला परस्पर सांगून टाकतील, ही भीती होती. त्यांनी सांगून टाकावं, असंही वाटत होतं.

रविवारी मी पोचले तर लागवड आधीच सुरू झालेली. रोपांचा टेंपो नवऱ्याने आदल्या दिवशीच पोचवला होता, मी त्यालाही काही बोलले नव्हते. अडतीस रोपं जमिनीत गेली होती. दत्ता घामाने निथळत होता आणि हसत होता. म्हणाला, ताई, तुझ्या हातचं एक लाव. मी पुढे झाले, रोप हातात घेतलं. तेवढ्यात बांधाशी रिक्षा थांबली.

मॅडम उतरल्या. मांडीवर धरून आणलेलं घमेलं आधी खाली ठेवलं, मग स्वतः. रिक्षावाल्याकडून पाण्याचा कॅन घेतला, पुडी सोडली, पाणी कालवलं. सगळे कामं थांबवून बघत होते. मला वाटलं, आता या मला सगळ्यांदेखत उघडं पाडणार. म्हणून मीच बोलले. रोप हातात तसंच धरून, एका दमात. की दत्ता, रोपं किडलेली हायत, मला बुधवारपासून माहीत हाय, आणि माती मी मॅडमच्या झाडाखालून चोरून आणली.

दत्ताने कुदळ खाली ठेवली. "बुधवारपास्नं?" एवढंच म्हणाला.

"मलाही बुधवारपासून माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "घरी जाऊन झाडाखालचा पाला बाजूला केला, तर माती उकरलेली दिसली. मंगलने चार दिवस सांगितलं नाही. मी नऊ वर्षं सांगितलेलं नाही."

आणि बांधावर उभं राहून त्यांनी सांगितलं. मुलांना प्रात्यक्षिकात दाखवायला म्हणून त्यांनी कॉलेजात कुंड्यांमध्ये टोमॅटो लावून हा किडा वर्षानुवर्षं पाळला होता. निवृत्त झाल्यावर कुंड्या घरी आणल्या आणि झाडामागे रिकाम्या केल्या. त्यांना वाटलं, इथे काय होतंय. दुसऱ्या वर्षी घारे काकांच्या परसातली वांगी पिवळी पडली. मॅडमनी त्यांच्या नकळत एक उपटून बघितलं. घारे काका म्हणत राहिले, माती म्हातारी झाली, आणि त्यांनी वांगी लावणं सोडून दिलं. मॅडम ऐकून घेत राहिल्या. त्याच आठवड्यात त्यांनी फाटकात घमेलं ठेवलं होतं. आत येणाऱ्यांची त्यांना कधीच भीती नव्हती. भीती होती ती बाहेर जाणाऱ्यांची.

"मला सांगायची भीती वाटली," मॅडम म्हणाल्या. "मी पोरांना शिकवायचे, आणि मीच पसरवला. रोज वाटायचं, उद्या सांगू."

दत्ता ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने अडतीस रोपं भोवतालच्या मातीसकट, खड्डे खोल करून काढली, ताडपत्रीवर जमा केली. उरलेलीही त्यावरच, सगळी जाळायला. मग वालाचा भुसा आणला, शेण्या आणल्या, पेंढा आणला, खड्ड्याखड्ड्यात भरला आणि अवेळी राब पेटवला. गावातले लोक विचारायला आले, माघात कसला राब? वहिनी पदर तोंडाला लावून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. निघताना मॅडमनी सगळ्यांना घमेल्यातून जायला लावलं, दत्तालाही. त्या दिवशी कुणी चलाखी केली नाही.

पण भाजून तरी किडा गेला का, हे कसं कळणार? मॅडम म्हणाल्या, त्या खड्ड्यांत भेंडी लावा. भेंडी या किड्याला फार आवडते. दीड महिन्याने उपटून बघायचं. तो दीड महिना दत्ता रोज सकाळी भेंडीच्या पानांकडे बघायचा, पिवळं दिसतंय का म्हणून. मला वहिनीकडून कळायचं. माझ्याशी तो बोलत नव्हता.

उपटायच्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा त्यांना जवळपास दिसत नव्हतं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात काहीतरी बिघडलं होतं. दत्ताने बांधावर त्यांना खुर्ची टाकली. तो एकेक रोप उपटायचा, मी बादलीत मुळं धुवायची आणि मॅडमच्या हातात द्यायची. त्या बोटांनी मुळं चाचपायच्या, वरून खालपर्यंत, अगदी टोकाच्या तंतूपर्यंत. मग म्हणायच्या, "नाही." पुढचं. "नाही." ऊन चढत होतं. दहा झाली, वीस झाली. पस्तीस. छत्तीस. सदतिसाव्याला त्यांनी दोनदा बोटं फिरवली. मग तिसऱ्यांदा.

"आहे," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. मोहरीएवढी गाठ, एकच. त्यांनी ती दडपली असती तर कुणाला कळलं नसतं. मीही कदाचित गप्प बसले असते, खोटं कशाला बोलू. अडतिसावं निघालं, ते स्वच्छ होतं. दत्ताने त्या एका खड्ड्याभोवती चार खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली आणि घरातून एक जुनं घमेलं आणून तिथे ठेवलं. "बसा मॅडम, चा घेऊन जा," म्हणाला. आणि मग माझ्याकडे न बघता, "ताई, तू पण."

परतताना मी मॅडमसोबत रिक्षात होते. खालापूरचं वळण आलं, झाड दिसलं. त्यांना दिसलं नसणार, पण वळण त्यांना कळलं. म्हणाल्या, "मंगल, तुलना कर."

मला क्षणभर उमजेना. मग म्हटलं, झाडाला सगळी गल्ली भिते आणि किड्याला एकट्या तुम्ही भिता.

"आणि?"

"झाड पाडता येतं, मॅडम. किडा पाडता येत नाय."

"पाचपैकी दोन देते," त्या म्हणाल्या. "किडा भाजता येतो. पण झाड उभं असताना त्याखाली राब पेटवता येत नाही."

त्या काय बोलतायत ते कळायला मला घरापर्यंत वेळ लागला. सगळी गल्ली पाया पडली, वादळात शेंडा अंगणात आला, तेव्हाही या बाईने झाडाला हात लावू दिला नव्हता, आणि आता ती ते पाडायचं म्हणत होती. दुसऱ्या दिवशी त्या घारे काकांकडे गेल्या आणि त्यांच्या वांग्यांचं सगळं सांगून आल्या. काका आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी कापणाऱ्या माणसांना ते स्वतःच घेऊन आले. दोर बांधून, वरून मजल्यामजल्याने, दोन दिवस झाड उतरवत होते. मॅडम ओटीवर पाठ करून बसल्या होत्या. फांदी पडली की त्यांचे खांदे हलायचे.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते वैशाखात. आजूबाजूच्या गावांतून राबाचा धूर निघत होता, आणि मॅडमच्या अंगणातही. झाड होतं तिथे आम्ही शेण, पाला, त्याच झाडाच्या वाळक्या फांद्या असा राब रचला होता. घारे काकांनी काडी लावली. फांद्या तडतडून पेटल्या, डिंकाचा उग्र वास सुटला. अंगणात इतकं ऊन मी कधी बघितलं नव्हतं. मॅडम ओटीवर तोंड धुराकडे करून बसल्या होत्या, गळ्यात भिंग, जे आता काही कामाचं नव्हतं. मी विचारलं, गेला असेल का हो सगळा? मला वाटलं, एकदा तरी हो म्हणतील.

"पावसाळ्यानंतर भेंडी लाव," त्या म्हणाल्या. "उपटून बघ. तू बघ, मी असेन-नसेन."

त्या राहिल्या नाहीत. श्रावणात गेल्या. त्यांच्या माघारी मी भेंडी लावली आणि उपटली, आणि आजही दरवर्षी लावते, त्यांच्याकडे आणि दत्ताकडे, आणि उपटून प्रत्येक मुळावरून बोटं फिरवते.

पण त्या दिवशी मी निघाले तेव्हा मला घाई होती, कर्जतची गाडी गाठायची होती. धूर डोळ्यांत जात होता. मॅडमना दिसत नाही, हे मला माहीत होतं. फाटकाशी मी एक पाय घमेल्यात बुडवला आणि पुढे टाकला.

ओटीवरून आवाज आला, "दुसरा पाय."